चाळिशीत दातांना तार

तार बसवून चार दिवस झाले आणि मी मिसळ खाल्ली. ब्रेड कटात बुडवून पार लगदा करून घेतला होता, त्यामुळे दुखलं काहीच नाही. पण घरी आरशात बघितलं तर तारेवरची पारदर्शक रबरं हळदीनं पिवळीधमक!

वय ४३. राजारामपुरीतल्या दवाखान्यात बाकावर सगळी नववी-दहावीची पोरं. शेजारच्या बाईंनी विचारलंच, "तुमचं पोरगं आत गेलंय काय?"

या वयात दात हलतात तरी कसे? माझी समजूत होती की दात म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी. ती चुकीची निघाली. दाताचं मूळ हाडाला चिकटलेलं नसतंच. मध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर दात झोळीसारखा तोललेला असतो. भातात बारीकसा खडा आला तरी आपण दचकतो, ते याच थरातल्या मज्जातंतूंमुळे.

तार दाताला एका बाजूला ढकलते. त्या बाजूचा थर दबतो आणि तिथं हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात, तिथं दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. दात हाडातून घुसत जात नाही, त्याच्या पुढचं हाड काढलं जातं आणि मागं नवं बांधलं जातं. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. हाडाची ही मोडतोड-बांधणी जन्मभर चालते, म्हणून चाळिशीतही दात सरकतो. फक्त सुरुवात जरा रमतगमत होते.

जोर वाढवून मात्र घाई करता येत नाही. थर फार दबला की तिथला रक्तपुरवठाच तुटतो, पेशी मरतात आणि दात उलट अडून बसतो. मूळही झिजू शकतं. म्हणूनच निकेल-टायटॅनियमची तार. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला, दातांपर्यंत तो १९७० च्या दशकात पोचला. वाकवला तरी मूळ आकाराकडे हळूहळू, आठवडेच्या आठवडे परतत राहतो. त्यातल्या काही तारा उष्णतेनं ताठ होतात. तांबड्या रश्श्याचा घोट घेतला की दात आवळल्यासारखे वाटतात, गार पाण्यानं सैल पडतात, ते त्यामुळे.

मोठ्यांची खरी अडचण वेगळीच. पोरांचा जबडा वाढत असतो, टाळूचा सांधा पुरता जुळलेला नसतो, त्यामुळे जबड्यालाही वळण लावता येतं. आमचं ते दुकान बंद झालेलं, सरकणार ते फक्त दात. शिवाय हिरड्या. त्या सुजलेल्या असताना दात ढकलला तर हाड जातं ते परत येत नाही. तंबाखू-मिश्रीवाल्यांनी तर आधी हिरड्याच दाखवाव्यात. आणि कुठं इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा विचार असेल तर तारेच्या डॉक्टरांना आधी विचारा. इम्प्लांट थेट हाडाला जखडतो, मध्ये तो थरच नाही, त्यामुळे तो नंतर तसूभरही हलत नाही.

तार निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर आहेच. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी रुळायला वर्षभर घेतात, तोवर ते दाताला मागं खेचत राहतात.

रबरं मात्र दर महिन्याला बदलतात. म्हणून मी आता मिसळ खातो ती तारखेच्या आदल्या दिवशी.