मेथडचे शीर्षक आणि मेथडचा अँकर

लायब्ररीच्या (इतरांना वापरता येईल अशा तयार कोडच्या) डॉक्युमेंटेशनमध्ये मेथडचे, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या एखाद्या कामाचे, वर्णन जिथे सुरू होते, तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत बसलेल्या असतात. एक म्हणजे वाचकाला ठळक अक्षरांत दिसणारे शीर्षक; दुसरी म्हणजे त्या शीर्षकाला लागलेला एचटीएमएल आयडी, अर्थात अँकर, जो पानाच्या पत्त्यात हॅशचिन्हापुढे लिहिला की ब्राउझर थेट त्या ओळीवर पोहोचतो. बहुतेक साधने शीर्षकाच्या मजकुरातूनच अँकर घडवतात, म्हणून लिहिणाऱ्याला दोन्ही एकच वाटू लागतात. प्रत्यक्षात शीर्षक सुधारण्याची मोकळीक हवी असते, तर अँकर एकदा बाहेर पडला की तो बदलता कामा नये.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मेथडची पूर्ण सिग्नेचरच, म्हणजे तिचे नाव आणि तिला द्यायच्या माहितीची (पॅरामीटरची) यादी, शीर्षक म्हणून येते. ‘एफएस.रीडफाइल’ या नावापुढे कंसात पाथ, चौकोनी कंसात ऐच्छिक ऑप्शन्स आणि शेवटी कॉलबॅक, म्हणजे काम संपल्यावर चालवायचे फंक्शन. वाचकासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण पान खाली सरकवतानाच कोणते पॅरामीटर लागतात आणि त्यांतला कोणता गाळता येतो हे कळते. मात्र तिथला अँकर याच मजकुरातील कंस, स्वल्पविराम आणि टिंबे काढून, अक्षरे लहान लिपीत आणून बनतो, म्हणजे पॅरामीटरची नावेही पत्त्याचा भाग होतात. उद्या एखादा पॅरामीटर वाढला किंवा त्याला अधिक चांगले नाव दिले, तर मेथड तीच राहूनही तिचा पत्ता बदलतो. याच प्रकल्पात पूर्वी अंडरस्कोर घातलेले अँकर असत. रचना बदलली तेव्हा जुने आयडी टाकून न देता ते शीर्षकाशेजारी रिकाम्या घटकात जपले गेले, आणि त्यामुळे जुन्या लिंका चालू राहिल्या. ही काळजी मला अनुकरणीय वाटते.

असे करण्यामागे तांत्रिक कारणही आहे. पत्त्यातील हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे अँकर तुटला तरी ‘पान सापडले नाही’ असा संदेश येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद होत नाही आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणाऱ्या नेहमीच्या रीडायरेक्टने दुरुस्तीही करता येत नाही. पान उघडते, पण वाचक वरच्या टोकाला उभा राहतो आणि लांबलचक यादीतून मेथड स्वतः शोधत बसतो.

पायथन या भाषेचे अधिकृत डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनावर चालते आणि तिथे या दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ‘जेसन.डम्प्स’च्या शीर्षकात पॅरामीटरची मोठी रांग दिसते, परंतु अँकर फक्त ‘जेसन.डम्प्स’ एवढाच असतो. सिग्नेचर कितीही बदलली तरी लिंक शाबूत राहते, आणि या नावांची सूची स्फिंक्स वेगळ्या फाइलमध्ये देत असल्याने दुसऱ्या प्रकल्पालाही केवळ नाव लिहून तिथे जोडता येते.

जावामध्ये मात्र एवढ्याने भागत नाही. एकाच नावाच्या अनेक मेथड असू शकतात, म्हणून जावाडॉक या जावाच्या डॉक्युमेंटेशन साधनाला पॅरामीटरचे प्रकार (संख्या, मजकूर वगैरे) अँकरमध्ये घ्यावेच लागतात. पॅरामीटरची नावे मात्र त्यात येत नाहीत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रकार बदलला तर मेथडच वेगळी ठरते. तरीही जावा ८ मध्ये अँकरमधील कंसांच्या जागी जोडरेषा आल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत कंस परतले, त्यामुळे त्याच मेथडच्या दोन प्रकारच्या लिंका आजही आढळतात.

साध्या मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीत, लिहिणाऱ्यांनी सर्वाधिक सावध राहावे. एका पानावर दोन क्लासेसखाली (क्लास म्हणजे मेथडींचा गट) नुसते ‘क्लोज’ असे शीर्षक दिले, तर गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ दुसऱ्याला ‘क्लोज-१’ असा अँकर देते. पुढे कोणी त्यांच्या आधी तिसरे ‘क्लोज’ घातले की क्रमांक सरकतात आणि जुनी लिंक तुटण्याऐवजी गुपचूप चुकीच्या मेथडवर नेते, जे तुटण्याहून वाईट आहे. शीर्षकातच ‘फाइल.क्लोज’, ‘कनेक्शन.क्लोज’ असे क्लाससह नाव दिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही आणि पानात शोधणेही सोपे होते.

मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांना एक अडचण अधिक सोसावी लागते. एमकेडॉक्स हे मार्कडाउनमधून डॉक्युमेंटेशनचे संकेतस्थळ बनवणारे साधन ज्या पायथन-मार्कडाउनवर उभे आहे, त्याची मूळ मांडणी अँकर बनवताना रोमन लिपीबाहेरची अक्षरे गाळून टाकते. मग देवनागरी शीर्षकांना केवळ अंडरस्कोर आणि १, २, ३ असे क्रमांक उरतात. युनिकोडचा पर्याय निवडला तर अक्षरे राहतात, पण काना, वेलांटी आणि हलन्त गळून ‘पद्धत’चे ‘पदधत’ होते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे आयडी स्वतः लिहिणे: ‘ॲट्र-लिस्ट’ हे त्याचे एक्स्टेन्शन (जोड सुविधा) सुरू करून शीर्षकाच्या शेवटी महिरपी कंसात हॅशचिन्ह आणि क्लाससह मेथडचे रोमन लिपीतील नाव द्यावे. शीर्षक मराठीत हवे तितके सविस्तर ठेवता येते, आणि मेथडचे नावच बदलले तर नव्या आयडीबरोबर जुना आयडी असलेला रिकामा घटकही शीर्षकाआधी ठेवावा.