ॲपवरची टॅक्सी आणि ॲपवरची खासगी गाडी: नव्या शहरात नेमकं काय मागवताय?

नव्या मोठ्या शहरात जाणाऱ्या कुणालाही विचारा, विमानतळावरून हॉटेलपर्यंत कसे जाणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "ॲपवरून टॅक्सी करू." पण बटण दाबल्यावर समोर जी गाडी येते ती दोनपैकी एक असते, आणि त्या दोन्हींचे नियम, भाडं, उभं राहायची जागा, सगळंच निराळं असतं. माझ्या मते प्रवासात होणारी निम्मी चिडचिड या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होते.

एक असते खरीखुरी टॅक्सी. शहराच्या वाहतूक यंत्रणेने तिला टॅक्सी म्हणून परवाना दिलेला असतो. बहुतेक ठिकाणी छतावर दिवा, आत सीलबंद मीटर आणि सहज वाचता येईल असा क्रमांक असतो. रस्त्यात हात केला तर तिला थांबता येतं, स्टँडवर रांगेत उभं राहता येतं. दुसरी असते भाड्याची खासगी गाडी. बाहेरून ती कुणाच्याही घरची गाडी वाटावी अशी दिसते. बहुतेक शहरांत तिला रस्त्यावरून प्रवासी उचलायचा अधिकार नसतो; आधी बुकिंग झालेलं असेल तरच ती तुम्हाला बसवून घेऊ शकते. उबरमुळे जगभर पसरली ती प्रामुख्याने ही दुसरी जात.

सुरुवातीपासूनच ही सीमारेषा वादात होती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2010 साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचं नाव उबरकॅब होतं. टॅक्सीचा परवाना नसताना कॅब म्हणवून घेता येणार नाही, असा आक्षेप अधिकाऱ्यांनी घेतला आणि कंपनीने नावातला 'कॅब' काढून टाकला. कॅलिफोर्नियाने 2013 साली अशा ॲप कंपन्यांसाठी वेगळा वर्गच तयार केला. युरोपात वेगळा प्रश्न उभा राहिला: ही कंपनी नुसती माहिती पुरवणारी की वाहतूक करणारी? बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने लावून धरलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की ही वाहतूक सेवाच आहे, त्यामुळे देश तिला वाहतुकीचे नियम लावू शकतात. आज प्रत्येक देशात ॲपचं चित्र वेगळं दिसतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता खरा गोंधळ. फोनवरचं चिन्ह तेच राहतं, पण शहर बदललं की त्यातून येणारी गाडी बदलते. टोकियोत उबर उघडलं तर बहुधा परवानाधारक टॅक्सीच येते, आणि तिथे लोक जास्त वापरतात ते 'गो' हे ॲपही टॅक्सीच बोलावतं. खासगी गाडीतून प्रवासी नेण्याची मुभा जपानने एप्रिल 2024 पासून दिली खरी, पण मर्यादित भागांत, ठरावीक वेळांत आणि टॅक्सी कंपन्यांच्या देखरेखीखाली. इस्तंबूलमध्येही उबर म्हणजे टॅक्सी. सोलमध्ये काकाओ टी हे ॲप मुख्यतः टॅक्सीसाठीच वापरतात. दुबईत करीम या ॲपमध्ये 'हाला' निवडलं तर शहराची टॅक्सी येते, दुसरा पर्याय निवडला तर खासगी गाडी. सिंगापूरमध्ये ग्रॅब या ॲपच्या एका पर्यायात टॅक्सी किंवा खासगी गाडी, जी जवळ असेल ती येते. डेन्मार्कने टॅक्सीचे नियम कडक केल्यावर 2017 मध्ये उबर तिथून निघून गेलं; नंतर परतलं ते टॅक्सी कंपनीशी हातमिळवणी करून.

म्हणून माझा आग्रह आहे की "कोणतं ॲप चांगलं?" हा प्रश्न आधी विचारूच नये. आधी विचारावं: या शहरात हे ॲप कोणती गाडी पाठवतं? उत्तर ॲपमध्येच मिळतं. भाड्याच्या पानावर गाड्यांची यादी येते तिथे प्रत्येक प्रकाराच्या नावावर बोट ठेवा, खाली दोन ओळींत माहिती उघडते. टॅक्सी असेल तर बहुधा तसं लिहिलेलं असतं आणि भाड्याच्या जागी एक पक्का आकडा नसून "अमुक ते तमुक" असा अंदाज असतो. पक्का आकडा दिसला तर ते आधी ठरलेलं भाडं समजा.

भाड्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

मीटरचं गणित उघडं असतं. बसल्याबरोबर किमान भाडं, मग अंतराचा दर, आणि गाडी फारच हळू चालली किंवा थांबून राहिली तर अंतराऐवजी वेळेचा दर. रात्रीचे, सुट्टीचे, विमानतळाचे वाढीव दर आधीच जाहीर केलेले असतात. मुसळधार पाऊस असो किंवा स्टेडियममधून हजारो लोक एकदम बाहेर पडलेले असोत, मीटरला त्याचं सोयरसुतक नसतं. फक्त त्या गर्दीत टॅक्सी मिळाली पाहिजे, ही अट आहेच. मीटरची दुखरी बाजू म्हणजे ट्रॅफिक जॅम. गाडी जागची हलत नाही आणि आकडा मात्र पुढे सरकत राहतो. शिवाय रस्ता माहीत नसलेल्या पाहुण्याला लांबून फिरवून नेण्याचा मोह काही ड्रायव्हरांना होतोच.

ॲपच्या खासगी गाडीचं भाडं बसण्याआधी ठरतं. अंदाजे अंतर, अंदाजे वेळ आणि त्या क्षणी त्या भागात किती लोक गाडी शोधत आहेत, यावरून कंपनी आकडा काढते. जॅम लागला तरी साधारण तोच आकडा राहतो, हा मोठा दिलासा. पण मागणी वाढली की तोच प्रवास दुपटीने महाग होऊ शकतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा उतरूही शकतो. वाटेत थांबा वाढवला, पत्ता बदलला किंवा रस्ता फारच वेगळा घ्यावा लागला तर आकडा नव्याने काढला जातो. गाडी आल्यावर तुम्ही खाली उतरायला वेळ लावला तर प्रतीक्षेचे पैसे लागतात, बुकिंग रद्द करायला उशीर केला तर त्याचेही. हे सगळं लपवलेलं नसतं, पण छोट्या अक्षरांत असतं.

यातून माझा साधा हिशेब असा. रस्ते मोकळे, अंतर कमी किंवा मागणी भडकलेली असेल तर मीटर. अंतर लांब, संध्याकाळची कोंडी आणि भाषा न येणारं शहर असेल तर आधी ठरलेलं भाडं. दोन्ही शक्य असतील तेव्हा ॲपवरचा आकडा एकदा पाहायचाच, बुकिंग केलं नाही तरी. टॅक्सीत बसल्यावर साधारण किती व्हायला हवेत याचा अंदाज त्यातून येतो.

या दोन पद्धती एकमेकींत मिसळतातही. न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी हात करून थांबवली तर मीटरवर चालते. मार्च 2022 मध्ये उबरने तिथल्या टॅक्सी ॲप कंपन्यांशी करार केल्यावर तीच पिवळी टॅक्सी उबरमधूनही बोलावता येऊ लागली, पण तिथे भाडं आधी ठरलेलं. गाडी एक, ड्रायव्हर एक, भाडं मात्र कोणत्या दारातून आत शिरलात त्यावर. अशा शहरात दोन्ही आकडे ताडून पाहण्यात शहाणपणा आहे.

विमानतळाचं गणित आणखी वेगळं. तिथे टॅक्सीच्या बाजूने एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे ठरीव भाडं. पॅरिसच्या दोन्ही प्रमुख विमानतळांवरून शहरात जायला मार्च 2016 पासून अधिकृत टॅक्सीला ठरावीक रक्कमच घेता येते. नदीच्या कोणत्या काठाला जायचं त्यावर ती ठरते. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून मॅनहॅटनला जाणाऱ्या पिवळ्या टॅक्सीलाही ठरीव भाडं आहे, वर टोल, अधिभार आणि टिप. हे आधी माहीत असेल तर रांगेत उभं राहायला माणूस कंटाळत नाही. ॲपच्या गाडीला मात्र टॅक्सीच्या स्टँडवर येता येत नाही. तिची जागा वेगळी असते: पार्किंगच्या इमारतीचा एखादा मजला, नाहीतर टर्मिनलपासून दूरचं आवार. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर ऑक्टोबर 2019 मध्ये टर्मिनलबाहेर एक स्वतंत्र आवार केलं, ॲपच्या साध्या गाडीसाठी तिथवर चालत किंवा शटल बसने जावं लागतं. त्यामुळे सामान हातात येण्याआधी गाडी बोलावू नये. पट्ट्यावर बॅग अजून आलेली नाही आणि ड्रायव्हर खाली येऊन थांबलाय, ही वेळ प्रतीक्षेच्या पैशांची असते.

विमानतळावर तिसराही एक प्रकार भेटतो, आणि तो टॅक्सीही नसतो, ॲपची गाडीही नसते. एका विमानतळाच्या आगमन कक्षात माझ्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग सांगते. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेला एक माणूस एका वयस्कर जोडप्याजवळ आला. त्याच्या फोनवर नामांकित ॲपचं पान उघडलेलं होतं. "तुमचीच गाडी, चला," म्हणत त्याने ट्रॉलीला हात घातला. आजोबा निघालेही. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बुकिंग कुणाच्या नावावर आहे?" माणूस फोनकडे बघत राहिला, मग दुसऱ्या प्रवाशाकडे वळला. मला त्या आजींचं फार कौतुक वाटलं. "तुम्ही अमुक यांच्यासाठीच आलात ना?" असं विचारलं की समोरचा "हो" म्हणून मोकळा होतो. नाव त्याच्या तोंडून यायला हवं. नंबर प्लेट, गाडीचा रंग आणि ड्रायव्हरचा फोटो ॲपशी जुळतो का ते बसण्याआधी पाहायचं, आणि ॲपमध्ये पिनची सोय असेल तर ती सुरू करून ठेवायची.

लंडनमध्ये हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. तिथली काळी टॅक्सी हात करून थांबवता येते. मिनीकॅब म्हणजे खासगी गाडी मात्र आधी बुक केलेलीच हवी. लंडनच्या मिनीकॅबसाठी 1998 साली वेगळा कायदा झाला. रस्त्यात उभ्या असलेल्या मिनीकॅबने बुकिंगशिवाय प्रवासी घेणं बेकायदा तर आहेच, त्या प्रवासाला विम्याचं संरक्षणही नसतं. उलट काळ्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा 1865 पासून चालत आली आहे. मॅप सगळ्यांच्या हातात आल्यावर याचा काय उपयोग, असं वाटेल. पण रस्ता अचानक बंद झाला की उपयोग कळतो. शिवाय ही टॅक्सी बहुतेक बसच्या लेनमधून जाऊ शकते, खासगी गाडी जाऊ शकत नाही. आणि तिथल्या सगळ्या काळ्या टॅक्सींत व्हीलचेअर थेट आत जाते. घरात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर फक्त एवढ्या कारणासाठी मी लंडनमध्ये टॅक्सीच घेईन.

ॲप निवडताना स्थानिक माहिती काढावीच लागते, कारण एकच कंपनी सगळीकडे नाही. उबरने चीनमधला व्यवसाय 2016 मध्ये दीदी या तिथल्या कंपनीला आणि आग्नेय आशियातला 2018 मध्ये ग्रॅबला देऊन टाकला. त्यामुळे सिंगापूर, बँकॉकमध्ये ग्रॅब आणि चीनमध्ये दीदी. दीदीसाठी वेगळं ॲप घ्यावं लागत नाही, अलिपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपच्या आतूनही गाडी मिळते. युरोपातल्या आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच शहरांत एस्टोनियाचं बोल्ट चालतं. इनड्राइव्ह या ॲपमध्ये तर भाडं प्रवासी आणि ड्रायव्हर आपापसांत ठरवतात. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

तयारी घरूनच करून निघा. नोंदणीचा ओटीपी नेहमीच्या सिमवर येतो, ते सिम तिथे बंद असलं तर विमानतळावर उभं राहून काहीच करता येत नाही. कार्ड जोडून ते स्वीकारलं जातंय का पाहून ठेवा, कारण काही ॲप परदेशी कार्ड नाकारतात आणि मग रोख हाच मार्ग उरतो. पैसे तुमच्या चलनात घेऊ का, असं मशीनने विचारलं तर स्थानिक चलनच निवडा. बदलाचा दर बहुधा त्यातच बरा मिळतो. हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत फोनमध्ये फोटो काढून ठेवा. इंटरनेट गेलं, बॅटरी संपली तरी स्टँडवरची टॅक्सी तो फोटो किंवा कागदाचा चिठोरा पाहून तुम्हाला पोहोचवते, ॲपच्या गाडीला ते शक्य नाही.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ॲपमध्ये प्रवासाची नोंद राहते, घरच्यांना मार्ग दाखवता येतो, संकटाचं बटण असतं. हात करून किंवा स्टँडवरून घेतलेल्या टॅक्सीत ड्रायव्हरचा परवाना बहुधा समोर लावलेला असतो, पण तुम्ही कोणत्या गाडीत बसलात याची नोंद कुठेच आपोआप होत नाही. ती आपण करायची. बसताना क्रमांकाचा फोटो काढून घरी पाठवायचा आणि उतरताना छापील पावती मागायची. मागच्या सीटवर छत्री किंवा पासपोर्ट राहिला तर ॲपच्या गाडीत तक्रार प्रवासाच्या नोंदीतूनच करता येते. अशा टॅक्सीत मात्र त्या फोटोतल्या किंवा पावतीवरच्या क्रमांकावरूनच गाडीचा माग लागतो.