वैनगंगेवरची जुनी मोटारबोट: डोंग्यापासून ओबीएमपर्यंत

मोटारबोटीच्या मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात तिला ट्रान्सम म्हणतात. लिलावातून घेतलेली आमची 14 फुटी बोट घरी आली तेव्हा ती फळी बाहेरून धडधाकट दिसत होती. गावातले एक ढिवर, म्हणजे मासेमार, काका बघायला आले. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं वरपासून खालपर्यंत ठोकत नेलं. वर टणक आवाज आला, इंजिनाच्या बोल्टांखाली मात्र भद्द. "आतून कुजलं हाये, भाऊ," एवढंच म्हणाले. ड्रिलनं भोक पाडलं, तर काळं पाणी ओघळलं आणि ओल्या पाचोळ्याचा वास सुटला. काकांनी फायबरची बोट कधी दुरुस्त केली नव्हती, पण लाकडाचा आवाज त्यांचा कान जन्मभर ओळखत आला होता.

म्हणूनच सुटीच्या दिवशी जुनी बोट दुरुस्त करून पाण्यात नेण्याच्या आमच्या या नादाला शहरातून आलेली हौस म्हटलेलं मला पटत नाही. पूर्व विदर्भात नाव जुनीच आहे, मोटार तेवढी नवी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मालगुजारी तलावांची संख्या हजारांत आहे. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव धानाच्या शेतीसाठी होते. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जातो. या उथळ पाण्यात ढिवर एका खोडाच्या डोंग्यात बसून जाळं टाकत. तिथं मोटारीचं काम नव्हतं आणि आजही नाही, कारण पंखा गाळात रुततो आणि शिंगाड्याच्या वेलीत गुरफटतो. वैनगंगेवर पूल कमी होते तेव्हा घाटाघाटावर नावा चालत. बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, सायकली, सगळं वल्ह्याच्या आणि बांबूच्या जोरावर पलीकडे जाई.

मोटारीजोगं खोल आणि लांबरुंद पाणी धरणांनी आणलं. गाढवी नदीवर इटियाडोह झालं, पेंचवर तोतलाडोह. तोतलाडोहचं पाणी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्यानं तिथं खासगी बोट नेण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या दृष्टीनं खरा बदल झाला तो गोसीखुर्दमुळे. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पाणी अडायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. 33 दरवाजांच्या या धरणाची पूर्ण जलपातळी 245.50 मीटर आहे. तिथवर पाणी चढलं की वैनगंगा नदी राहत नाही, सरोवर होते.

या सरोवराच्या तळाशी लोकांची गावं आहेत. पाणी उतरलं की घरांचे जोते दिसतात, विहिरींचे कठडे दिसतात, बाभळीचे वाळके बुंधे वर येतात. तिथून बोट नेताना मी वेग कमी करतो. पंखा बुंध्याला लागू नये हे एक कारण, आणि ते कुणाचं तरी अंगण होतं हे दुसरं. जुन्या छोट्या इंजिनांत पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. पंखा आदळला तर ती पिन तुटते आणि गिअर वाचतात. अशा चार पिना आणि एक पक्कड नेहमी बोटीत असावी.

मागे टांगायच्या इंजिनाला मच्छीमारांपासून आपत्ती व्यवस्थापनाच्या जवानांपर्यंत सगळे ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटार. तशी इंजिनं आधीही झाली होती, पण ती बाजारात रुजवली मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिन्रूड यांनी. 1909 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत त्यांचं दीड अश्वशक्तीचं इंजिन विक्रीला आलं. नंतर जपानी कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि पुढं आपल्याकडे त्यांचीच टू-स्ट्रोक इंजिनं जास्त दिसू लागली.

टू-स्ट्रोक हा शब्द मात्र विदर्भाला कुणी शिकवावा लागला नाही. राजदूत, लूना, बजाजची स्कूटर यांवर एक अख्खी पिढी वाढली. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं, प्लग काळा का पडतो, कार्ब्युरेटरचा जेट कसा फुंकायचा, हे तालुक्याच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला झोपेत विचारा. ओबीएम उघडून समोर ठेवली तर तो दहा मिनिटांत निम्मं इंजिन ओळखतो. त्याला अनोळखी असतो तो पाण्याचा पंप. स्कूटर हवेवर थंड होते, ओबीएम नदीचं पाणी ओढून. पंपात रबरी पात्यांची चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. बोट वर्षभर कोरडी पडली की पाती वाकडीच राहतात, रबर कडक होतं. इंजिन 200 लिटरच्या ड्रममध्ये बुडवून चालू करावं आणि बाजूनं पाण्याची धार बघावी. धार बारीक पडली तर इंजिन लगेच बंद करून आधी इम्पेलर बदलावा. ऑइलचंही तसंच. स्कूटरचं टू-टी ऑइल इथं चालत नाही, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू-3 दर्जाचं लागतं. ते तालुक्याला मिळत नाही, मागवावं लागतं.

अलीकडे भर पडली पेट्रोलमधल्या इथेनॉलची. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये आलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या, वॉशर त्यानं फुगतात. म्हणून घरी परतलो की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कार्ब्युरेटर कोरडा राहतो. उरलेलं पेट्रोल मोटारसायकलला.

आता परत त्या कुजलेल्या फळीकडे. फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या, बोटी 1940 च्या दशकात अमेरिकेत सुरू झाल्या. नुसतं फायबर इंजिनाच्या वजनानं लवतं, म्हणून ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवुड घालतात. बोल्टांची भोकं नीट बंद केली नसली की पाणी थेट त्या प्लायमध्ये उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच मुरतं. जवळजवळ प्रत्येक जुन्या बोटीचं दुखणं हेच असतं. आम्ही आतला थर कापला, काळा भुसा खरवडून काढला, पंधरा दिवस वाळू दिलं, मग आयएस 710 शिक्क्याच्या मरीन प्लायचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून बसवले. फर्निचरचा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण तो घालून दोन वर्षांनी पुन्हा हाच पसारा मांडायचा असेल तरच घ्यावा.

या कामात आमच्या हवामानाइतकं कुणीच शिकवलं नाही. पहिला प्रयत्न मे महिन्यात दुपारी केला. पारा 45 च्या आसपास होता. मगात रेझिन घेतलं, डब्यावर लिहिल्याप्रमाणे 2 टक्के हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) टाकलं, काचतंतूच्या मॅटवर ब्रश फिरवतो न फिरवतो तोच मग हातात तापला, धूर निघाला आणि रेझिन ब्रशसकट दगड झालं. पावसाळ्यात काचेची मॅट ओलावा धरते, थर पांढरट पडतो. पुसात पहाटे एवढी थंडी की रेझिन दुपारपर्यंत चिकटच राहतं. मग कळलं, आपल्याकडे फायबरचं काम कार्तिक ते माघ, तेही सकाळी दहा ते एक. थोडं थोडं रेझिन, हार्डनर ऋतू बघून. आणि एक्सीलरेटर (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) व हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नये, भडका होतो.

मोटारबोटीचं मोल गावकऱ्यांना पुरात कळलं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यानं वैनगंगा फुगली, भंडारा आणि पवनीत घरं बुडाली, तेव्हा माणसं बाहेर काढायला बोटीच धावल्या. दुसरी बाजूही विसरता येत नाही. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या महिला वैनगंगेत बुडाल्या. आमच्या बोटीत लाइफ जॅकेट न घालता कुणी बसत नाही, पाहुणा कितीही मोठा असो.

कायद्यानं बघायचं तर 1917 चा अंतर्देशीय जहाजांचा जुना कायदा जाऊन 2021 चा नवा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणी हवी. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यांची परवानगी वेगळी. वैनगंगा-प्राणहिता 2016 च्या कायद्यानं राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली आहे, पण आमच्या काठावर अजून साधा धक्कासुद्धा नाही. ट्रॉली चिखलात उतरवावी लागते.

रविवारी उजाडता निघतो ते आंभोऱ्याकडे. वाटेत ईकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, हिरवे पट्टे लागतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळतं, त्यावर ही वनस्पती माजते. इंजिनाची धार बारीक झाली की थांबायचं, इंजिन वर उचलायचं, मुळं हातानं ओढून काढायची. नद्यांचा संगम, टेकडीवरचं चैतन्येश्वराचं देऊळ आणि 2024 मध्ये खुला झालेला केबलचा पूल दिसू लागतो, तेव्हा ऊन अजून कोवळंच असतं. पूल नव्हता तेव्हा इथं माणसं नावेनंच पार जात.

संगमाच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसतात. प्रत्येक ओळीखाली ढिवरांचं जाळं असतं आणि पंख्यानं ते फाटलं तर एका घराची आठवड्याची कमाई जाते. तिथं आम्ही इंजिन बंद करतो आणि काकांनी घडवून दिलेलं वल्हं बाहेर काढतो.