गिरण्यांची जमीन, खान नदी आणि हिरव्या वाटा : इंदूरची पार्श्वभूमी

बंद पडलेल्या औद्योगिक भागांतून झाडांच्या सावलीतल्या, पायी आणि सायकलने जाण्याजोग्या सलग वाटा काढून तो परिसर पुन्हा जिवंत करायचा, ही कल्पना इंदुरात मांडली की ती परदेशातून आलेली वाटते. या शहराचा स्वतःचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात आले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्लेगच्या सावटात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढून सफाईलाच उत्सवाचे रूप दिले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते; पण त्याच अहवालात त्यांनी नद्यांचे काठ, बागा, वस्त्या आणि वाढता गिरणी उद्योग यांचा एकत्र विचार केला होता, याकडे फारसे लक्ष जात नाही. माझ्या मते त्यांचे खरे महत्त्व या एकत्र विचारातच आहे.

पुढे मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी अशा कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस चालू लागला आणि परदेशीपुऱ्यासारख्या कामगार वस्त्या दाट झाल्या, तर शहरातून वाहणाऱ्या खान नदीला नाल्याची अवकळा आली. मग गिरण्याही एकामागून एक थांबल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी, मार्गी लागले. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. या काळात मिलच्या ओसाड आवारात झाडे मात्र आपोआप वाढत राहिली, आणि जमिनीच्या नव्या वापराची चर्चा सुरू होताच ती वाचवण्यासाठी नागरिक पुढे आले.

जर्मनीतील एम्शर नदीची कथा इंदूरला विशेष जवळची आहे, कारण कोळसा-पोलादाच्या त्या पट्ट्यातही नदीचे उघडे गटार झाले होते. तेथे १९८९ ते १९९९ या दशकात पडीक कारखान्यांच्या जमिनी हिरव्या पट्ट्यांनी जोडण्यात आल्या. ड्युइसबुर्गमध्ये तर १९८५ साली थंडावलेल्या लोखंडाच्या भट्ट्या न पाडता पीटर लाट्झ यांनी त्यांच्याभोवतीच उद्यान रचले. नदीतले सांडपाणी पूर्णपणे थांबायला मात्र २०२१ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली शेवटची मालगाडी गेलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून बाग खुली झाली, परंतु आसपासची घरे इतकी महागली की जुन्या रहिवाशांना तेथे राहणे अवघड झाले. परदेशीपुऱ्याचा विचार करताना हा अनुभव आधी डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

गिरण्या आणि शहराचे हृदय यांना जोडणारी वाट इंदुरात आजही जिवंत आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, त्या गिरण्या बंद पडल्यानंतरही थांबल्या नाहीत, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली हजारो माणसे त्यांना राजवाड्यापर्यंत सोबत करतात. हिरवी वाट आखायची झाली, तर तिची पहिली रेघ याच मार्गाने निघावी आणि तिची एक शाखा खानच्या काठाकडे वळावी.