‘पी१६ वाढलाय म्हंजे बरा का वाईट?’

पेणच्या खारेपाटातली माझी आत्या. गेल्या जूनमध्ये तिने पर्समधून रिपोर्ट काढला तेव्हा तो घड्या घालून घालून फडक्यासारखा मऊ झाला होता. पिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला गेला होता. वर ‘सीआयएन २’, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा मधल्या पायरीचा बदल, आणि खाली एक ओळ: पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह, केआय-६७ वाढलेला. तिचं बोट पी१६ वर. ‘वाढलाय म्हंजे बरा का वाईट?’

तिला वाटलं असेल, साधा प्रश्न आहे. पी१६ हे प्रथिन १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत ओळखलं गेलं, तेही पेशीच्या वाढीला आवर घालणारं म्हणून. बऱ्याच कॅन्सरमध्ये त्याचं जनुक मोडलेलं किंवा गायबच असतं. मग आवर घालणारा वाढला तर बरंच की! पण गर्भाशयमुखाशी हिशेब उलटा लागतो, आणि तो तसा का लागतो हे कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

सुरुवात इटलीत. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने वेरोना शहराच्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांत जास्त दिसला, मठातल्या जोगिणींत क्वचित. म्हणजे संसर्गाचा काहीतरी धागा असावा, एवढा संशय तेव्हापासून होता. आपल्याकडेही १९४१ मध्ये मुंबईत टाटा रुग्णालय सुरू झाल्यावर तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर कुठल्या समाजात कुठला कॅन्सर जास्त दिसतो हे ताडून पाहत होते. (आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.) १९५२ मध्ये त्यांनी उभं केलेलं संशोधन केंद्र आज खारघरला आहे, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात.

पण धागा कशाचा? सत्तरच्या दशकात बहुतेकांचं बोट नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूकडे होतं. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र चामखिळीच्या विषाणूवर अडून बसले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला ट्यूमरमध्ये एचपीव्हीचा, म्हणजे याच विषाणूचा, १६ नंबरचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी १८ नंबरचा. या दोघांच्या माथी आज जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर आहेत. नोबेल मिळायला २००८ उजाडलं.

१८ नंबरचा तो विषाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘हेला’ नावाच्या पेशींतही निघाला. १९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाचा तुकडा घेतला गेला, तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. या पेशींत एक कोडं होतं. कॅन्सरला अडवणाऱ्या पी५३ प्रथिनाचं जनुक त्यांच्यात धड होतं, पण प्रथिन जवळपास दिसतच नव्हतं. उत्तर १९९० च्या सुमारास मिळालं: विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन पी५३ ला पकडतं आणि पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडे सोपवतं. त्याच्या आदल्याच वर्षी ई७ हे दुसरं प्रथिन सापळ्यात सापडलं होतं. ते ‘आरबी’ला जाऊन चिकटतं. आरबी म्हणजे पेशीने विभागायचं की थांबायचं याचा खरा ब्रेक. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरवरून त्याला हे नाव पडलं.

आता पी१६ कडे या. कशेडी घाटात उतारावर गाडीचे ब्रेक गेलेत, आणि ड्रायव्हर पेडलवर अक्षरशः उभा राहिलाय. पी१६ म्हणजे ते दाबलेलं पेडल. एरवी ते दाबलं की आरबी काम करतो, गाडी थांबते. आणि आरबी शाबूत असताना तोच पी१६ ला मर्यादेत ठेवतो. ई७ ने आरबी निकामी केला की पी१६ पेशीत साठत जातो, पण काही उपयोग होत नाही. २००१ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी नेमकी हीच खूण हेरली: पी१६ चा ढीग म्हणजे आत विषाणूचं ई७ कामाला लागलंय.

स्लाइडवर हे कसं दिसतं ते एकदा एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने मला दाखवलं. निरोगी भाग फिकट निळा. पी१६ वाढलेला भाग मात्र तळापासून वरपर्यंत सलग तपकिरी, जुन्या सागवानी दाराला वॉर्निश दिल्यासारखा. ‘ब्लॉक’ म्हणतात तो हा सलगपणा. इकडेतिकडे चार ठिपके असले तर ती मोजत नाही. सीआयएन २ हे निदान कायम वादाचं: एक डॉक्टर गंभीर म्हणतो, दुसरा ‘आपोआप जाईल’ म्हणतो. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अशा तुकड्यांवर पी१६ करायची शिफारस केली. सोबतच्या केआय-६७ ची गंमत नावातच आहे: कील हे जर्मन शहर, आणि ६७ हा तिथल्या प्रयोगशाळेतल्या तबकडीतल्या खळग्याचा नंबर. पेशी विभागायच्या तयारीत असली की ते दिसतं.

कॅन्सर पसरतो कसा, हा भाग आत्याला कळायला वेळ लागला नाही. तिने खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेलेली पाहिली आहे. पेशींच्या थराखाली एक पातळ बांध असतो, आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं ते ई-कॅडहेरिन. ते कमी झालं की दगड सुटायला लागतात. मग एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं बांधातलं कोलॅजन पोखरतात, आणि पेशी पलीकडच्या लसिकावाहिन्यांत शिरतात. अभ्यास ढीगभर झाले, पण रोजच्या रिपोर्टात या नावांना अजून जागा नाही. रक्तातल्या खुणेचं तसं नाही. जपानमध्ये १९७७ मध्ये वर्णन झालेलं एससीसी अँटिजेन आजही मोजतात, मुख्यतः उपचारानंतर रोग परत डोकं वर काढतोय का हे पाहायला. पीडी-एल१ हे कॅन्सरच्या पेशीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन तर २०१८ पासून थेट औषध ठरवायला लागलं: परत उलटलेल्या रोगात ते असलं तर पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध.

आत्याच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. बांध शाबूत होता. अंगावरून पांढरं जात होतं ते तिने दोन वर्षं अंगावर काढलं. शेवटी आशाताईने हात धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथे व्हिनेगरसारखं पाणी लावल्यावर पांढरा डाग उमटला आणि पुढे तुकडा निघाला. ‘वाईट,’ मी तिला म्हटलं, ‘पण वेळेत कळलं.’ तारेच्या कड्याने तेवढा भाग काढून टाकला. तिची खरी तक्रार वेगळीच होती: त्या वर्षी लावणीला मजूर लावावे लागले.