आर्थिक जनधारणा आणि अधिकृत आकडेवारी (मराठवाडा)

अर्थव्यवस्थेची स्थिती लोकांना जशी जाणवते आणि शासकीय निर्देशांकांत जशी उमटते, त्यांतील तफावत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ती ठळकपणे दिसते, कारण येथील असंख्य कुटुंबे बाजारात आधी माल विकणारी आणि मग ग्राहक असतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, म्हणजे २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेतील नीचांकी, नोंदला गेला. खाद्यपदार्थांचा दर तर शून्याच्याही खाली होता. त्याच्या आदल्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप आडवा केला होता आणि नदीकाठच्या शिवारांत पिकाबरोबर मातीही खरवडून गेली होती. जे सोयाबीन हाती लागले, त्याला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजार समित्यांत त्याहून बराच कमी दर मिळत होता. शहरातला नोकरदार जिला स्वस्ताई म्हणतो, तिलाच आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या अडत्याच्या पेढीवर, ‘भाव पडला’ म्हणतात. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, हमाली-तोलाई वजा होऊन उरलेल्या रकमेत डीएपी खताची किती पोती येतील, हा शेतकऱ्याचा महागाई मोजण्याचा खरा हिशेब. पण खत, बियाणे, फवारणी हा उत्पादनखर्च असल्याने किरकोळ महागाई ज्यावरून मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात तो येतच नाही.

दर आणि पातळी यांतील गल्लत हे दुसरे कारण. महागाईचा दर उतरतो तेव्हा भाववाढीचा वेग मंदावलेला असतो, भाव पूर्वीच्या जागी आलेले नसतात. आठवडी बाजारात पिशवी भरणाऱ्याला तेलाच्या पुड्याचा चार वर्षांपूर्वीचा भाव आठवतो. निर्देशांक मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो. शिवाय वाढलेला भाव ध्यानात राहतो, उतरलेला सहसा राहत नाही, हा लोकस्मृतीचा दोषही मान्य करावा लागतो.

भारांकांचा, म्हणजे निर्देशांकात कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचे याचा, प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१२ च्या मालिकेत ग्रामीण निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांना ५४.१८, तर शिक्षणाला अवघा ३.४६ टक्के भार होता. ही देशभरच्या ग्रामीण कुटुंबांची सरासरी होय. मुलगी बारावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला ठेवलेल्या हिंगोलीकडच्या कुटुंबाचा शिकवणी, खोली आणि मेस यांवरचा खर्च या सरासरीत कोठेच बसत नाही, आणि ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे तेथील परीक्षा-तयारीच्या पद्धतीच्या, ख्यातीमुळे अशी कुटुंबे थोडी नाहीत.

रोजगाराच्या आकड्यांतही व्याख्येला फार महत्त्व आहे. श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते, आणि घरच्या शेतात विनामोबदला राबणारा पदवीधरही बेरोजगार ठरत नाही. गावात त्याला ‘रिकामा’ म्हणतात.

जिल्हानिहाय उत्पन्नाबाबत तर सरासरी बरेच काही झाकते. वाळूज-शेंद्र्याच्या कारखानदारीमुळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा आकडा उंचावतो, पण त्याच जिल्ह्यातील पैठण-फुलंब्रीचा कोरडवाहू शेतकरी त्यात वेगळा दिसत नाही. जिल्हा उत्पन्न जेथे निर्माण होते तेथे मोजले जात असल्याने बीडच्या कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने, कोल्हापूरच्या फडात केलेल्या तोडणीची भर कोल्हापूरच्या खात्यात पडते. मुकादमाकडून, म्हणजे तोडणी मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, पावसाळ्यात घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) हंगामात फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षावर जाते. ही बाकी यांपैकी कोणत्याच निर्देशांकात दिसत नाही.