कोलेस्टेरॉल वाढलंय की ट्रायग्लिसराइड? आधी हे बघा

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला आणि एखाद-दोन आकडे ठळक छापलेले दिसले, की घरात एकच वाक्य फिरतं : "कोलेस्टेरॉल वाढलंय." पुष्कळदा वाढलेलं असतं ते ट्रायग्लिसराइड. मग ज्याने साखर आणि दारू कमी करायची तो अंड्यातला बलक बाजूला काढत बसतो. आणि ज्याला खरोखर औषधाची गरज आहे तो रोज चालून आकडा उतरेल या आशेवर वर्षं घालवतो. ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

दोन्ही पदार्थ स्निग्ध. पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातून फिरताना दोघांनाही लिपोप्रोटीन नावाच्या सूक्ष्म कणांत बसूनच जावं लागतं. साम्य जवळपास इथेच संपतं. कोलेस्टेरॉल म्हणजे घराच्या विटा आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे चुलीचं सरपण. प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. पित्ताम्लं, ड जीवनसत्त्व, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे सगळं त्याच्यापासूनच बनतं. मात्र शरीर ते जाळून ऊर्जा मिळवू शकत नाही. जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडून पित्तात आणि तिथून आतड्यावाटे बाहेर जातं. ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. त्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ९ किलोकॅलरी असतात. पोटावर आणि मांड्यांवर साठते ती चरबी हीच. जेवणातल्या तेला-तुपातून ते थेट येतं आणि जास्तीच्या साखरेपासून यकृतही ते तयार करतं.

व्यायामाने ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं आणि एलडीएल, म्हणजे लोक ज्याला "वाईट" म्हणतात ते कोलेस्टेरॉल, फारसं हलत नाही, याचं कारण यात आहे. व्यायाम करायचाच, पण एलडीएल १९० (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना केवळ त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

एलडीएल मग वाढतं कशाने? खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा वाटा त्यात लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि बाहेरून जास्त आलं तर बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन आटोपतं घेतं. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल कण पकडून आत ओढणारे ग्राही असतात. ते शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. हे ग्राही कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहतं. संपृक्त स्निग्ध पदार्थ (लोणी, तूप यांसारखे) जास्त खाल्ले तर या ग्राहींचं काम मंदावतं. काहींच्या जनुकांतच दोष असतो, आणि अशी माणसं सडपातळ, निर्व्यसनी, काटेकोर खाणारी असली तरी त्यांचं एलडीएल चढलेलंच असतं. त्यांना "खाण्यावर ताबा नाही" म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे.

ट्रायग्लिसराइडची कारणं वेगळी : आटोक्यात नसलेला मधुमेह, मद्य, गोड पेयं, पोटाभोवतीची चरबी, मूत्रपिंडाचे विकार, स्टेरॉइडसारखी काही औषधं. थायरॉइड मंदावलं तर मात्र दोन्ही आकडे वाढू शकतात, म्हणून ती तपासणी कुठल्याही बाजूने राहू नये.

नुसत्या डोळ्यांनी दिसणारा फरकही आहे. ट्रायग्लिसराइड खूप चढलेल्या माणसाच्या रक्तातून वेगळं केलेलं सीरम दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते वाहून नेणारे कण मोठे असतात. फक्त एलडीएल वाढलेलं असेल तर सीरम स्वच्छ, पारदर्शक असतं. आणि धोका एलडीएलसारख्या लहान कणांचाच जास्त. ते धमनीच्या अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकतात आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. कुठलंही लक्षण नसतं. पुढे कधीतरी तो थर फुटतो, त्यावर गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. सर्वांत मोठे कण तर धमनीच्या भिंतीत शिरूच शकत नाहीत. पण ट्रायग्लिसराइड ५००च्या वर आणि विशेषतः १०००च्या वर गेलं, तर स्वादुपिंडाला अचानक तीव्र सूज येण्याची भीती असते, आणि ते जिवावर बेतू शकतं. एकाचं नुकसान दशकांत मोजायचं, दुसऱ्याचं कधीकधी तासांत.

१५० ते ५०० या मधल्या पट्ट्यातलं ट्रायग्लिसराइडही निरुपद्रवी नसतं. ते वाहणाऱ्या कणांचे उरलेले अवशेष कोलेस्टेरॉल घेऊन धमनीत शिरतात. मात्र केवळ आकडा खाली आणला म्हणून हृदय वाचतंच असं नाही. पेमाफायब्रेट या औषधाच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेहींचं ट्रायग्लिसराइड जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरलं, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. उलट, एलडीएल उतरवल्याने झटके कमी होतात हे अनेक चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलंय.

आता समजा, दोन रिपोर्ट समोर आहेत आणि दोन्हींत एकूण कोलेस्टेरॉल २५० आहे. पहिल्यात एचडीएल (ज्याला "चांगलं" कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ५०, ट्रायग्लिसराइड १००. नेहमीच्या सूत्राने, म्हणजे एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला, तर एलडीएल येतं १८०. हा खरा कोलेस्टेरॉलचा प्रश्न. दुसऱ्यात एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ६००. इथे ते सूत्र चालतच नाही. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते वापरत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉल फुगलंय कारण ट्रायग्लिसराइड वाहणारे कणही थोडं कोलेस्टेरॉल बाळगून असतात. या माणसाचं एलडीएल थेट मोजून घ्यायला हवं. त्याआधी मधुमेह आणि दारूची चौकशी हवी. एकाच "२५०"ला दोघं घाबरतील, पण दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे.

ट्रायग्लिसराइड आदल्या रात्रीच्या जेवणानेही बदलतं, म्हणून आकडा जास्त आला तर ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासावा. कोलेस्टेरॉल एका जेवणाने फारसं हलत नाही. आणि "चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, मग काळजी नाही" ही समजूत सोडून द्यावी. एचडीएल औषधाने वाढवून हृदय वाचवण्याचे मोठे प्रयत्न फसले आहेत.

उपचार त्या-त्या कारणामागे जातात. ट्रायग्लिसराइडसाठी मद्य बंद, साखर कमी, वजन थोडं उतरवणं आणि मधुमेह ताब्यात आणणं. काही आठवड्यांत फरक दिसतो. ५००च्या वर असेल तर जेवणातलं तेल-तूपही बरंच कमी करावं लागतं आणि फायब्रेटसारखं औषध लागू शकतं. एलडीएलसाठी संपृक्त आणि ट्रान्स स्निग्ध पदार्थ कमी करावेत, तंतुमय पदार्थ वाढवावेत आणि गरज असेल तिथे स्टॅटिन घ्यावं. त्याने एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरतं. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना एलडीएल फार नसतानाही डॉक्टर बहुधा स्टॅटिन देतात, कारण त्यांच्या धमन्यांना मुळातच जास्त धोका असतो. आकडा खाली आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच खाली आलेला असतो आणि बंद केल्यावर काही आठवड्यांत परत वर जातो.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त निघालं आणि जवळच्या नात्यात कोणाला कमी वयात झटका आलेला असेल, तर दोष आनुवंशिक असण्याची बरीच शक्यता असते. आई-वडिलांपैकी एकाकडे तो असेल तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. अशा घरात भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी, अगदी शाळकरी वयातली असली तरी.